छप्पन्नावी जागा

"वाचणाऱ्याने मोठ्याने वाचायचं. लिहिणाऱ्याने तोच आकडा परत म्हणायचा. आणि परत म्हटलेला कानावर आल्याशिवाय वाचणाऱ्याने पुढच्या सेलकडे पाऊल टाकायचं नाही."

माझ्या आधी ही बॅटरीची खोली सांभाळणाऱ्या मास्तरांनी हे मला पहिल्या दिवशी सांगितलं. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. बॅटरीच्या खोलीत ओरडणारा माणूस घाईत असतो आणि घाईतला माणूस ॲसिड सांडतो, असं त्यांचं म्हणणं. मास्तर जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी या इस्पितळाच्या वीज विभागात बावीस वर्षं आहे, त्यातली नऊ बॅटरीच्या खोलीची जबाबदारी माझ्याकडे. घरी माझे दुसरे नेम आहेत, सकाळचं नामस्मरण झाल्याखेरीज मी पाण्याचा घोट घेत नाही. मास्तरांचा नेमही मी त्याच बरोबरीने पाळला. एकही दिवस चुकला नाही.

खोली तळमजल्याच्या खाली, अर्धी जमिनीत. भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरश्या. वर छताला लागून जाळीची काच, तिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. एका भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा. मधोमध दोन लाकडी मांडण्या, ॲसिड चढणार नाही असा काळा रंग दिलेल्या, आणि प्रत्येक सेलच्या बुडाशी चिनी मातीच्या बैठका. एका मांडणीवर अठ्ठावीस जागा, दुसरीवरही अठ्ठावीस. सेल मात्र पंचावन्न. छप्पन्नावी जागा पहिल्यापासून रिकामी, तिथे आम्ही सोड्याच्या पाण्याची बादली ठेवायचो. ॲसिड फरशीवर सांडलं तर सोड्याचं पाणी त्याला शांत करतं.

बाहेरची वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत शस्त्रक्रियेचे दिवे या पंचावन्न सेलांवर जळतात. जनरेटर सुरूच झाला नाही, तर पुढेही यांच्यावरच. जुने सेल चौदा वर्षं चालून थकले होते. त्यांच्या जागी नवे बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हाच घरात दुसरी गोष्ट ठरत होती. माझ्या नणंदेच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख मिळाली महिनाअखेरच्या गुरुवारची, आणि शस्त्रक्रिया आमच्याच इस्पितळात.

तिचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी, माझ्याच विभागात. मी वाचते, ते लिहितात. त्यांना धापेचा त्रास आहे, म्हणून ते दाराबाहेरच्या टेबलाशी बसून आकडे टिपतात.

"पंचावन्न लेकरं सांभाळता वहिनी, आणि आवाज नाही कुणाचा," ते म्हणायचे. "आपल्या दोघांची मिळून सासू एकच होती, तर घर दणाणायचं."

"तिला वर झाकण नव्हतं," मी म्हणायचे.

जुने सेल आम्ही तीन दिवसांत उतरवले. आधी चार्जर बंद, मग भार बंद, मग रांगेच्या मधली जोडपट्टी काढून एका बॅटरीच्या दोन केल्या, म्हणजे चुकून पाना पडला तरी झटका अर्ध्या जोराचा. पान्यांना मुठीपासून टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळलेली. अंगठी, बांगड्या, घड्याळ बाहेरच्या डबीत. उचलायचं ते बुडाखालून पट्टा घालून, दोघांनी, सरळ उभं. वरच्या खुंट्यांना धरून उचलला तर सेल आतून फाटतो आणि ते बाहेरून कळतही नाही. भावोजी नाकाला फडकं बांधून पट्ट्याचं दुसरं टोक धरत. नवे सेल कोरडे आले होते. ते मांडले, जोडपट्ट्या आवळल्या, खुंट्यांना व्हॅसलीन लावलं, ॲसिड भरून थंड होऊ दिलं, आणि पंखा लावून पहिलं चार्जिंग केलं. एक थेंब सांडला नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. काम नीट झालं होतं, एवढंच.

पहिली पूर्ण वाचणी सोमवारी सकाळी घेतली. काचेच्या नळीने सेलमधलं ॲसिड वर ओढायचं, आतल्या तरंगणाऱ्या काडीवर घनता बघायची, मोठ्याने म्हणायचं. भरलेला सेल बाराशे दहा दाखवतो. तो उतरला की आकडा उतरतो.

"एक. बाराशे दहा."

"एक, बाराशे दहा," दाराबाहेरून भावोजी.

असं एकेक करत पंचावन्नपर्यंत गेले. बाहेर आले तर टेबलाशी कुणी नव्हतं. वहीत एकोणतिसापर्यंत आकडे होते, पुढे कोरं. पाच मिनिटांनी भावोजी जिना उतरून आले.

"तपासणीला बोलावलं होतं हिला, म्हणून वर गेलो. तुम्हाला हाक मारली की मी. ऐकली नाहीत का?"

"कधी गेलात?"

"अर्धा तास झाला असेल."

मी वहीतल्या कोऱ्या ओळी मोजल्या. तीस ते पंचावन्न, सव्वीस आकडे, प्रत्येक आकडा मला परत ऐकू आला होता. नाहीतर मी पाऊल उचललंच नसतं.

फरश्यांच्या खोलीत आवाज घुमतो, हे मला ठाऊक आहे. मी पुन्हा आत जाऊन एक आकडा म्हटला. घुमला, पण माझाच आवाज, आणि लगेच. मघाचा आवाज माझा नव्हता. बाईचा म्हणावा तर बाईचा नव्हता, पुरुषाचा म्हणावा तर तोही नव्हता. मान खाली घालून लिहिणारा माणूस बोलतो तसा, जरा थांबून, वहीकडे बघत. आणि तो दाराकडून आला होता का, हे आता मला छातीठोक सांगता येईना.

मंगळवारी मी भावोजींना उठू दिलं नाही. दोघांचे आवाज वेगळे ऐकू आले. आधी दाराबाहेरून भावोजी, त्यांच्या पाठोपाठ आतून तो. भावोजींना फक्त स्वतःचाच ऐकू येत होता. मी घाबरले नाही, याचं मलाच नवल वाटलं. जे कुणी होतं ते नियम पाळत होतं.

एक्केचाळीसला मी म्हटलं, "बाराशे दहा."

"एक्केचाळीस, बाराशे दहा," भावोजी.

"एक्केचाळीस. अकराशे ऐंशी," दुसरा.

मी नळी धुऊन पुन्हा ॲसिड ओढलं. बाराशे दहाच. वहीत तेच लिहायला सांगितलं. बुधवारी सकाळी एक्केचाळीस नंबर अकराशे ऐंशीवर आला होता. आत कुठेतरी शिशाच्या पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या. सेल बदलला.

"बरं झालं पकडलात," आमच्या इंजिनिअर मॅडम म्हणाल्या. त्या वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण कामाला चोख. "तुम्हाला कसं कळलं?"

"पुन्हा वाचलं," मी म्हटलं. तेही खरंच होतं.

त्यानंतर मी त्या आवाजाला धरून चालू लागले. चांगल्या कामाला हात लावणारा परका नसतो, असं मला वाटतं.

मग बेरीज चुकली. प्रत्येक सेलचा दाब वेगवेगळा मोजून बेरीज केली ती एकशे चौदा व्होल्ट. पूर्ण रांगेच्या दोन टोकांना मीटर लावलं, ते म्हणालं एकशे सोळा. मॅडमनी मीटर बदलून आणलं. एकशे सोळा. तिसरं आणलं.

"दोन व्होल्ट म्हणजे एक सेल," त्या म्हणाल्या. मग बोट दाखवत मोजलं. पंचावन्न. पुन्हा उलट्या बाजूने मोजलं. "असू द्या. जास्तच आहे, कमी तर नाही ना."

त्या गेल्यावर मी रिकाम्या जागेवरची बादली उचलून खाली ठेवली. बादलीचं बूड कोमट होतं. चिनी मातीच्या बैठकांवर हात धरला. बाकीच्या पंचावन्नच्या खाली गारवा होता, इथे ऊब होती. मी बादली परत तिथे ठेवली नाही. बरं दिसलं नसतं.

पुढच्या आठवड्यात रोज वाचणी. पंचावन्न झाले की पूर्वी मी काचेची नळी पुसून निघायचे. आता निघता येईना, कारण तो आवाज थांबायचा नाही.

"छप्पन्न," तो म्हणायचा, आणि वाट बघायचा.

आता तो वाचत होता आणि परत म्हणायचं काम माझं होतं.

"छप्पन्न. बाराशे दहा. सदतीस अंश."

मी म्हटलं, "छप्पन्न, बाराशे दहा, सदतीस अंश." मग तो गप्प झाला.

दर दहाव्या सेलची उष्णता आम्हीही मोजतो. ती सत्तावीसच्या पुढे गेली नव्हती. बाहेर येऊन मी भावोजींना विचारलं, "सदतीस अंश कशाचे असतात?"

"ताप नसलेल्या माणसाचे," ते म्हणाले. वही मिटता मिटता थांबले. "तुम्ही आत शेवटी कुणाशी बोलता वहिनी?"

"शेवटचा सेल असतो तो."

"पंचावन्न लिहून झालेले असतात माझे."

"छप्पन्नावी ओळ आखून ठेवा," मी म्हटलं. त्यांनी आखली. मस्करी केली नाही.

बुधवारी नणंद भरती झाली. ती शिवणकाम करते, एकटीच्या हिमतीवर दुकान उभं केलं आहे, आणि जीभ तिच्या कात्रीइतकीच धारदार. पलंगावर बसून ती इस्पितळाच्या गाऊनची शिवण उसवून बघत होती.

"कुणी शिवलंय हे, आंधळ्याने? वहिनी, तुझ्या त्या डब्यांवर उद्या माझा जीव टांगलाय म्हणे."

"टांगलेला नाही, टेकलेला आहे."

"सुटणार नाही ना?"

"मी स्वतः आवळलंय."

"मग झोपते बाई," ती म्हणाली, आणि खरंच आडवी झाली.

गुरुवारी सकाळी दहाला तिला आत नेलं. माझे यजमान वर बाकावर बसले. भावोजी मात्र खाली आले. "वर बसून छताकडेच बघायचं," ते म्हणाले, "त्यापेक्षा वही द्या इकडे."

साडेदहाला बाहेरची वीज गेली. इस्पितळाची मोठी केबल जुनी झाली होती, ती बदलायची म्हणून शुक्रवार ठरला होता. ती गुरुवारीच जळाली. जनरेटर सुरू झाला. अकरा मिनिटं चालला आणि गरम होऊन बंद पडला. सेलांच्या रांगेतून बारीक गुणगुण सुरू झाली. भार माझ्यावर आला.

फोन वाजला. मॅडम होत्या, जनरेटरपाशी. "पाण्याचा पाइप फुटलाय. अर्धा तास लागेल. तुमच्याकडे तास आहे ना?"

"आहे."

मग मी भाराच्या काट्याकडे बघितलं. आराखड्यात होता त्याच्या दीडपट. वर कुणीतरी नवं यंत्र आपत्कालीन ओळीवर लावलं होतं. तास नव्हता. अर्धा तासही काठावर.

"काय झालं?" भावोजींनी दारातून विचारलं.

"काही नाही. लिहा."

दाब शंभर व्होल्टच्या खाली गेला की जोड आपोआप सुटतो आणि वर अंधार होतो. आत्ता होता एकशे नऊ. मग एकशे सहा. मी दर चौथा सेल वाचत होते. भावोजी परत म्हणत होते, त्यांचा आवाज सपाट झाला होता.

विसाव्या मिनिटाला एकोणीस नंबर बसला. नवा कोरा सेल, एकाएकी मेला. त्याच्या दोन खुंट्यांमध्ये काहीच उरलं नव्हतं.

मी मनात हिशोब केला. उरलेले चोपन्न, प्रत्येकी एवढे. नव्याण्णव.

मीटरकडे बघितलं. एकशे एक.

"छप्पन्न," आवाज आला. "अकराशे साठ."

"छप्पन्न, अकराशे साठ," मी म्हटलं.

भावोजींनी ते आखलेल्या ओळीत लिहिलं.

"छप्पन्न. अकराशे वीस."

बाकीचे पाच-पाचने उतरत होते. हा चाळीसने उतरला. मीटर मात्र एकशे एकवर खिळलेलं.

"अकराशे वीस."

"छप्पन्न. हजार ऐंशी. छत्तीस अंश."

मी तोही परत म्हटला. आकडा सांगायला त्याला आता उशीर लागत होता. दोन शब्दांमध्ये पूर्वी जेवढी जागा होती, तिच्या दुप्पट.

बाहेरून भावोजी म्हणाले, "वहिनी, ती वाचेल ना?"

"लिहा तुम्ही."

मी रिकाम्या जागेपाशी गेले. गुणगुण तिथे सगळ्यात मोठी होती. वाचणीच्या वेळी आकड्याखेरीज शब्द बोलायचा नाही, हेही मी बावीस वर्षं पाळलं होतं. त्या दिवशी मोडलं.

"आज दे," मी हळूच म्हटलं. "आजच्या आज भरून देईन. दिवस मावळू देणार नाही."

मी मीटरवर नजर ठेवली.

"छप्पन्न. हजार चाळीस."

"हजार चाळीस."

"छप्पन्न. हजार वीस."

हजार वीस म्हणजे जवळजवळ पाणी.

मी ते म्हणत असतानाच जमीन थरथरली. जनरेटर लागला होता. दिवे एकदा लुकलुकले, गुणगुण थांबली. अडतीस मिनिटं झाली होती. मॅडमचा फोन आला, त्या हसत होत्या आणि त्यांना दम लागला होता. "ताई, शंभरच्या खाली एकदाही नाही गेलं. एकदाही नाही."

मी "हो" म्हटलं.

आत जाऊन हाक दिली. उत्तर नाही. बैठकेवर हात ठेवला. ऊब होती, पण शोधावी लागत होती.

दुपारी दोनला नणंदेला बाहेर आणलं. झडप बसली होती, हृदय स्वतःचं स्वतः चालत होतं. डॉक्टर भावोजींच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते आणि भावोजी नुसती मान हलवत होते.

मला पुढचं काम दिसत होतं. पूर्ण उतरलेला सेल त्याच दिवशी भरावा लागतो. रात्रभर तसाच राहिला तर आतल्या पट्ट्या दगड होतात, मग सेल राहत नाही, नुसती शिशाची पेटी राहते. आणि चार्जरला सेल किती आहेत ते सांगावं लागतं. तो पंचावन्नवर लावलेला होता. तेवढ्यावर पंचावन्नच भरले असते.

मी बदलायला नवा एकोणीस नंबर मागवला. मग मॅडमकडे गेले.

"चार्जर छप्पन्नावर लावायचा आहे. सही हवी."

त्यांनी वही उघडली. भावोजींच्या अक्षरातली शेवटची ओळ वाचली. अकराशे साठ, अकराशे वीस, खाली खाली जाणारी. मग मी नंतर खाली मांडलेला हिशोब वाचला, चोपन्न सेलांची बेरीज आणि मीटरचा आकडा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

स्टोअरमधून शुद्ध पाण्याचा डबा घेतला. उतरलेल्या सेलात पाणी कमी झालेलं असणार. खाली जाण्याआधी नणंदेला डोळ्यांनी बघून यावं म्हणून वर गेले. डबा दाराबाहेर भिंतीशी ठेवला.

ती नळ्यांमध्ये पडली होती. डोळे मिटलेले. ओठ कोरडे. गालांवर मात्र रंग होता. भावोजी तिची बोटं धरून बसले होते.

"अजून शुद्धीवर नाही," ते कुजबुजले.

"असू द्या. झोपू दे."

मी वळले.

"वहिनी."

डोळे मिटलेलेच होते. आवाज घशातल्या घशात.

"पाणी आधी नको घालूस म्हणतंय. आधी भर, मग पाणी."

भावोजींचा हात तिच्या हातावरच थांबला. ती शिवणकाम करणारी बाई. आधी पाणी घातलं तर चार्जिंगमध्ये सेल फुगून वरून ॲसिड सांडतं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. घाईत ते मीही आज विसरले असते.

"आणखी काय म्हणतंय?" मी विचारलं.

तिच्या कपाळावर बारीक आठी पडली, दुरून येणारं ऐकताना पडते तशी.

"गार वाजायला लागलंय म्हणतंय."

घड्याळात साडेचार झाले होते. खिडकीत अजून भरपूर ऊन होतं.

"निघाले म्हणावं," मी तिला सांगितलं, आणि बाहेर येऊन डबा उचलून जिन्याकडे वळले.